अकरा झेशोत्स्की

दर जानेवारीत सरकार एक यादी जाहीर करतं. देशात कोणत्या आडनावाची किती माणसं आहेत, त्याची. नोवाक दोन लाखांवर, कोवाल्स्की त्यांच्या पाठोपाठ. शहाणी माणसं असल्या यादीकडे ढुंकून बघत नाहीत. आपलं आडनाव ज्याला ठाऊक आहे, त्याला ते आणखी किती जणांना चिकटलंय हे कळून काय करायचंय? पण सेवेरिन झेशोत्स्की दर वर्षी डोक्यावर केसाळ टोपी चढवून, बर्फ तुडवत तालुक्याच्या वाचनालयात जायचा. तिथल्या बाईंकडून कॉम्प्युटरवर आपलं आडनाव शोधून घ्यायचा आणि एका ओळीचा छापील कागद, घडी पडू न देता, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून घरी आणायचा. नवजात पोरालाही कुणी इतकं जपून आणत नसेल.

"अकरा!" त्या वर्षी तो दारातूनच ओरडला. "ताई, याही वर्षी अकराच!"

थोरली बहीण आपोलोनिया स्वयंपाकघरात बीट सोलत होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"आपल्यात कुणी व्यालं नाही, कुणी मेलं नाही. अकराच असणार," ती म्हणाली. "बूट काढ आधी. मघाशीच फरशी पुसलीय."

"सहा पुरुष, पाच बायका. अख्ख्या पोलंडात! हिरे थोडेच असतात, ताई. बटाटे पोत्यानं मिळतात."

"पोट बटाट्यानं भरतं."

सेवेरिननं कागद टेबलावर ठेवला. टेबल एका पायानं आखूड होतं, हात लागला की डुगडुगायचं. गेली पाच वर्षं तो पाय नीट करायला त्याला सवड मिळाली नव्हती. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला टेबलाच्या पायाकडे बघायला वेळ कुठला?

या अकरा हिऱ्यांची मोजदाद आपोलोनियाला पाठ होती. एक सेवेरिन, सहकारी संस्थेच्या खताच्या गोदामात आयुष्यभर पोती मोजून निवृत्त झालेला. एक ती स्वतः, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची. एक सेवेरिनची नात कालिना. श्चेचिनला चुलतभाऊ बोगुमिल, जो सकाळी नऊलाच तर्र असे, त्याची रडून रडून वाळलेली बायको आणि दोन मुलगे, ज्यांतला एक तुरुंगातून सुटत होता आणि दुसरा जात होता. पोझ्नानला एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको, आई आणि लहान मुलगा. हा डॉक्टर सेवेरिनचा फोन आला की उचलतच नसे. असं हे घराणं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो वाळाही धड नाही.

झेशोतो म्हणजे धान्य चाळायची मोठ्या भोकांची जुनी चाळणी. त्यामुळे बूग नदीकाठच्या झावादी गावात या घराला सगळे 'चाळणीवाले' म्हणत. सेवेरिनला त्याचं वाईट वाटत नसे, उलट तो छाती काढून सांगे. स्वीडनच्या सैन्यानं देश बुडवला होता त्या काळी म्हणे याच्या पूर्वजानं राजाच्या तोफांसाठी रात्रंदिवस दारू चाळली. एक खडा जाऊ दिला नाही. राजानं खूश होऊन त्याला उमराव केलं आणि ढालीवर चाळणीचं चिन्ह दिलं. ही गोष्ट कुठं लिहिलेली नव्हती. सेवेरिनच्या बापानं ती सांगितली होती आणि बापाला ती तिसऱ्या ग्लासानंतर आठवायची. सेवेरिननं मात्र त्यावरून तालुक्याच्या सोनाराकडून अंगठी करून घेतली होती. अंगठीवर चाळणी. बघणाऱ्याला ती गाडीच्या चाकासारखी दिसे.

पुरावा मागितलाच कुणी, तर तो बैठकीच्या खोलीत होता. चर्चच्या जुन्या जन्मनोंदींच्या वहीतल्या एका पानाची मोठी प्रत सेवेरिननं पस्तीस वर्षांपूर्वी काढून आणली होती आणि सोनेरी चौकटीत घालून भिंतीवर लावली होती, मेरीमातेच्या तसबिरीपेक्षा वीतभर वर. पान लॅटिनमध्ये होतं. सेवेरिनला लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं. पण साल कळत होतं, सतराशे एकोणऐंशी. आडनाव कळत होतं. आणि आग्नेस हे बाईचं नाव कळत होतं. ही आग्नेस पोराची धर्ममाता आणि कुणा गढीच्या सरदाराची बायको, असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. घरी आलेला पाहुणा, गॅस सिलिंडरवाला, मीटर वाचणारा, कुणीही असो, त्याला त्या पानासमोर उभं राहावंच लागे.

या आडनावानं आपोलोनियाचं आयुष्यात एकच काम केलं होतं. तिचं लग्न मोडलं होतं.

चौसष्ट सालची गोष्ट. दूधसंघात लुत्सियान नावाचा तरुण होता. युद्धाच्या धामधुमीत मठातल्या बायांना तो रस्त्याकडेला सापडला होता, कुणा सैनिकाच्या कोटात गुंडाळलेला. आईबाप कोण, गाव कोणतं, कुणाला पत्ता नाही. नावही मठातल्या बायांनी ठेवलेलं. हसला की त्याच्या गालांना खळ्या पडत, आणि दुधाचे दोन कॅन तो एका हातात उचलायचा. सेवेरिन तेव्हा सोळा वर्षांचा होता. गिरणीमागे या दोघांना त्यानं पाहिलं आणि बापाला जाऊन सांगितलं. बाप म्हणाला, "ज्याला स्वतःचं नाव नाही, त्याला झेशोत्स्कींची मुलगी देऊ?" आशीर्वाद देणार नाही, म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात आपोलोनिया लुत्सियानला म्हणाली, "थोडं थांबू." थोडं थांबता थांबता वर्ष गेलं. लुत्सियान दक्षिणेला कोळशाच्या खाणीत गेला, तिकडेच त्यानं लग्न केलं. तेव्हापासून आपोलोनियाच्या तोंडाला जी धार आली ती आजतागायत बोथटली नव्हती. आणि त्या धारेचा पहिला वार रोज ती स्वतःवरच करायची. बापानं नाही म्हटलं, ते ठीक. पण तू ऐकलंस कशाला, गाढवे?

* * *

कालिनाचे आईबाप ती सात वर्षांची असताना मोटार अपघातात गेले. तिला या दोघा म्हाताऱ्यांनीच वाढवलं. आता ती तालुक्याच्या इस्पितळात नर्स होती. त्या जानेवारीतल्या एका रविवारी ती जेवायला एका तरुणाला घेऊन आली.

नॉर्बर्ट त्याचं नाव. रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. हाताच्या भेगांत पांढरी भुकटी कायमची बसलेली. थडग्यांचे दगड घडवायचा, त्यांवर अक्षरं कोरायचा. आल्याआल्या त्यानं आपोलोनियाच्या हातावर ओठ टेकवले आणि टेबल डुगडुगतंय हे बघून, न विचारता, पायाखाली लाकडाची एक चकती सरकवली. आपोलोनियाला तो तिथंच आवडला.

बीटचं सार झालं, कोबीत शिजवलेलं डुकराचं मांस झालं. मग सेवेरिननं अंगठीचं बोट टेबलावर आपटलं.

"तर मग, पोरा. तू कुणाचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाप कोण, आजा कोण, गाव कोणतं?"

"आजोबा, मी तुम्हाला सांगितलंय ना," कालिना म्हणाली.

"मी त्याला विचारतोय."

नॉर्बर्टनं काटा खाली ठेवला. "माहीत नाही, साहेब. मी रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात सापडलो. बाकाखाली एका बॅगेत. सहा जून, संत नॉर्बर्टचा दिवस होता, म्हणून नॉर्बर्ट. अनाथालयात वाढलो. आडनाव कोर्टानं दिलं. झिएलिन्स्की."

"झिएलिन्स्की! पन्नासएक हजार तरी बाप्ये असतील या नावाचे!"

"असतील. माझं त्यांच्यातल्या एकाशीही नातं नाही," नॉर्बर्ट हसून म्हणाला. "म्हणूनच मी कालिनाला म्हणालो, लग्नात मीच तुझं आडनाव घेतो. कायद्यानं चालतं. कालिना म्हणते, आजोबांना नाव संपण्याची फार काळजी आहे. मला काय, हे नाव सोडताना मला काही वाटणार नाही."

यावर कुणीही दुसरा म्हातारा असता तर त्यानं उठून पोराला मिठी मारली असती. नाव वाचवायला तीस वर्षं देव पाण्यात घालून बसलेला हा माणूस, आणि देवानं ताटात वाढून पाठवलं. पण सेवेरिन लाल झाला. बीट बरं.

"झेशोत्स्की हे नाव म्हणजे दाराजवळच्या खुंटीवरचा कोट वाटला तुला? आला भटका, थंडी वाजली, घातला अंगात?"

"आजोबा!"

"तू गप्प बस. ये इकडे, पोरा. बघ. नाव कशाला म्हणतात ते बघ."

त्यानं नॉर्बर्टला दंडाला धरून चौकटीपुढे उभा केला. नॉर्बर्ट बघत राहिला. इतर लोक त्या पानाकडे बघत ते गायीनं छापील कागदाकडे बघावं तसं. याची नजर मात्र ओळीवरून सरकत होती. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. आपोलोनिया बशा उचलता उचलता थांबली. पोराचे कान हळूहळू लाल झाले. तो दुसऱ्यांदा पहिल्या ओळीवर गेला, पुन्हा शेवटापर्यंत आला.

"कळलं?" सेवेरिन म्हणाला.

"अक्षर फार सुंदर आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"नुसतं अक्षर! वर्ष बघ. ही आग्नेस बघ, सरदाराची बायको! तुझ्या बॅगेवर कुणाचं नाव होतं?"

"कुणाचंच नाही, साहेब."

"मग? माझा आशीर्वाद नाही. लग्न करायचं तर करा, या घरातून नाही."

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी चर्चला निघण्याआधी नवरानवरी नवरीच्या घरी गुडघे टेकतात, वडीलधारी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, क्रूस पुढे करतात. त्यावाचून लग्न कायद्यानं होतं, चर्चमध्येही होतं; पण मुलगी जन्मभर घरातून पळून गेल्यासारखी वावरते. कालिनाला आशीर्वाद द्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

नॉर्बर्ट गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन बसली. बराच वेळ टॉवेलची कडा चुरगाळत राहिली.

"आत्याआजी, आजोबांनी मला वाढवलंय. त्यांना असं टाकून मी कशी जाऊ?" ती म्हणाली. "थोडं थांबू आम्ही."

आपोलोनियाच्या हातातली बशी नळाखाली तशीच राहिली. पाणी वाहत होतं. अठ्ठावन्न वर्षांनी तेच दोन शब्द, त्याच स्वयंपाकघरात.

"थांबायचं नाही," ती म्हणाली. "एक दिवस नाही."

"पण—"

"पण नाही आणि बिण नाही. जा, केस विंचर."

* * *

दुसऱ्या दिवशी ती बस धरून तालुक्याला गेली. नॉर्बर्टचं दगडांचं आवार कब्रस्तानाच्या भिंतीलगत होतं. तो एका काळ्या फरशीवर कुणा विधवेचं नाव कोरत होता. आपोलोनियाला बघून त्यानं हत्यार ठेवलं आणि तिला बसायला एक पूर्ण झालेलं थडगं झाडून दिलं.

"काय लिहिलंय त्यात?" ती बसण्याआधीच म्हणाली.

"कशात?"

"बावळटाचं सोंग तुला जमत नाही. पुन्हा करू नकोस. तुला लॅटिन येतं."

"दगडांपुरतं येतं. जुनी थडगी दुरुस्त करायची तर लागतं. चर्चच्या वह्याही बघाव्या लागतात."

"मग सांग."

"नको, आजी."

"का?"

नॉर्बर्टनं हातावरची भुकटी पँटला पुसली. "त्या माणसाकडे तेवढंच आहे. मी अनाथालयात वाढलो. एखाद्याच्या उशाखालची फोटोची चिंधी कुणी ओढायची नसते, हे आम्हाला तिथं पहिल्या वर्षी कळतं. भले फोटो दुसऱ्याच कुणाच्या आईचा असो."

"वा! काय पण थोर मन! आणि त्या थोर मनापायी माझी पोर माझ्यासारखी स्वयंपाकघरात सुकेल, त्याचं काय? तेही कोर तुझ्या दगडावर: इथं एक सज्जन गप्प बसला."

नॉर्बर्टनं हत्यार उचललं आणि पुन्हा ठेवलं. समोरच्या फरशीवर विधवेचं नाव अर्धं झालं होतं. मग त्यानं खाली बघत, एकेक वाक्य करून, सगळं सांगितलं.

आपोलोनिया आधी हसली. इतकी हसली की तिला थडग्याला धरावं लागलं. मग तिनं डोळे पुसले.

"म्हणजे हे ते नाव," ती म्हणाली. "याच्यासाठी माझं लग्न मोडलं."

"आजी, त्यांना सांगू नका. तसा आशीर्वाद मला नको."

"मी कशाला सांगू?" रुमालाची गाठ घट्ट करत ती उठली. "मला लॅटिन येत नाही."

* * *

जानेवारीत फादर घरोघरी येतात. येशूजन्माचा सण सरला की गावातल्या प्रत्येक घराला एकदा भेट द्यायची, प्रार्थना म्हणायची, पाणी शिंपडायचं, दारावर खडूनं नवं साल लिहायचं. त्या दिवशी टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, दोन मेणबत्त्या, आणि आपोलोनियाच्या हातचा खसखशीचा केक. फादर गेरार्द या गावात एकतीस वर्षं होते. म्हणजे हा केक त्यांनी एकतीस वेळा त्या चौकटीखाली बसून खाल्ला होता.

कालिनानं नॉर्बर्टला मुद्दाम त्याच दुपारी बोलावलं होतं. फादरनी आजोबांची समजूत घालावी असा तिचा बेत. आणि सेवेरिनचा बेत वेगळाच होता. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झालं, फादरनी केकचा पहिला घास घेतला, तसा तो उठून चौकटीशी गेला.

"फादर, या तरुणाला आमच्या घरात यायचंय. आडनावासकट! बरंय. पण नाव म्हणजे काय हे त्याला कळत नाही. तुम्ही लॅटिन शिकलेले. हे पान जरा मोठ्यानं वाचून दाखवा, आपल्या भाषेत. म्हणजे त्याचं त्यालाच कळेल की आपली पायरी कोणती."

फादरना ठसका लागला. खसखस टेबलभर उडाली.

"सेवेरिन, आज नको. अजून अकरा घरं आहेत मला."

"पाच मिनिटांचं काम."

"साहेब, खरंच राहू द्या," नॉर्बर्ट उठून म्हणाला. "मला मान्य आहे. मी जातो."

"बघा! भ्याला!" सेवेरिननं टाळी वाजवली. "बस खाली. फादर, वाचा."

"मी... चष्मा विसरलो वाटतं," फादर खिसे चाचपत म्हणाले.

आपोलोनिया खिडकीजवळ बसली होती. तिनं ठरवलं असतं तर त्या क्षणी एका शब्दात सगळं थांबवता आलं असतं. तिनं नाकावरचा चष्मा काढला, एप्रनच्या टोकानं दोन्ही भिंगं पुसली आणि फादरपुढे धरला.

"माझा घ्या, फादर. तुमचं-माझं वय सारखंच. नंबर जुळेल."

फादरनी तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं की या बाईला कळलंय. त्यांनी सुस्कारा टाकला, चष्मा लावला आणि चौकटीपुढे उभे राहिले.

"सन सतराशे एकोणऐंशी, मार्चची एकोणीस तारीख. मी, या चर्चचा दुय्यम पाद्री, आज एका मुलाला बाप्तिस्मा दिला." ते थांबले. "आईबाप अज्ञात."

"हां," सेवेरिन म्हणाला. "मोठ्या घरांत नावं गुप्त ठेवायची पद्धत होती. पुढं?"

"हे मूल पहाटे घंटा वाजवायला आलेल्या माणसाला चर्चच्या देवडीत सापडलं. एका... फुटक्या, टाकून दिलेल्या चाळणीत ठेवलेलं."

एक मेणबत्ती तडतडली.

"संताच्या दिवसावरून त्याचं नाव जोझेफ ठेवलं. आडनाव चाळणीवरून झेशोत्स्की असं मी दिलं. कारण दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं." फादरचा आवाज आता अगदी खाली आला होता. "धर्ममाता आग्नेस, देवडीत बसणारी भिकारीण. धर्मपिता माचेय, कबरी खणणारा. दोघांनाही सही येत नाही."

"भिकारीण?" सेवेरिन म्हणाला.

"असं लिहिलंय, सेवेरिन."

"एकतीस वर्षं तुम्ही इथं बसून केक खाल्लात, फादर!"

"केक चांगला असतो," फादर कसनुसे होऊन म्हणाले. "आणि मी काय बोलणार होतो? माझ्या आधीच्या फादरांनीही मला एवढंच सांगितलं होतं, त्या घरात भिंतीकडे बघू नका."

सेवेरिन खुर्चीत बसला. खुर्ची पकडून बसला. अंगठीचं बोट त्यानं दुसऱ्या मुठीत लपवलं. कालिना उठून त्याच्याजवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. नॉर्बर्ट जमिनीकडे बघत होता, जसं काही भिकारीण त्याच्याच घरात निघाली होती. आपोलोनियाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आनंद होईल. अठ्ठावन्न वर्षांचं व्याज मिळेल. चाळणीनं सुईला नावं ठेवावीत, तुला भोक आहे म्हणून, हे वाक्य तिनं तालुक्याहून येतानाच बसमध्ये घोळवून ठेवलं होतं. पण भावाचं तोंड इतकं लहान झालं होतं की ती ते बोलली नाही. ती वाट बघत राहिली. आता हा माणूस माफी मागेल, निदान पोरांची तरी.

चहा निवला. मग सेवेरिननं मान वर केली.

"चाळणीत," तो सावकाश म्हणाला. "नीट विचार करा. गरिबाची बाई पोर टाकते तेव्हा चिंधीत टाकते. चाळणी कुठं असते? गढीच्या कोठारात. एवढी मोठी चाळणी गढीशिवाय कुणाकडे असणार?"

फादरनी केकचा तुकडा उचलला आणि तोंड भरून घेतलं.

"आणि चर्चमध्येच का ठेवावं? म्हणजे बाई शिकलेली, देवाधर्माची. आईबाप अज्ञात, असं लिहिलंय. अज्ञात म्हणजे नव्हते असं नाही! पाद्र्याला ठाऊक असणार. त्याला गप्प बसायला सांगितलं असणार. मोठ्या माणसानं." सेवेरिन आता उभा राहिला होता. रंग परत येत होता. "आणि देशातल्या कुणाही टाकलेल्या पोराला '-स्की' हे उमरावांचं शेपूट लावतात का? नाही. हे रक्त बघून लावलंय!"

"आजोबा," कालिना हळूच म्हणाली, "नॉर्बर्टलाही '-स्की' आहे."

सेवेरिन गर्रकन वळला. त्यानं नॉर्बर्टकडे असं पाहिलं जसं घोड्याच्या बाजारात बघतात. आधी नाक, मग कपाळ, मग हात.

"ती बॅग," तो म्हणाला. "कसली होती?"

"काय?"

"ज्यात तू सापडलास ती. कापडी?"

"नाही. कातडी. अनाथालयाच्या कागदांत लिहिलंय. तपकिरी कातडी, पितळी कडी."

"खरं कातडं? रेक्झिन नव्हे?"

"कातडंच लिहिलंय, साहेब."

"कातडी बॅग! पितळी कडी!" सेवेरिननं फादरच्या पाठीवर थाप मारली आणि फादरना पुन्हा ठसका लागला. "आणि मला आता सांगतोस, गाढवा? त्या वर्षांत कातडी बॅग कुणाकडे होती? डॉक्टरकडे! वकिलाकडे! मी म्हणतच होतो, याचं नाक साध्या घरातलं नाही!"

नॉर्बर्टनं कालिनाकडे बघितलं. कालिनानं मान हलवून त्याला सांगितलं, काही बोलू नकोस. तो बोलला नाही. अनाथालयात हेही शिकवतात.

आपोलोनिया खिडकीबाहेर बघत होती. कुंपणावर बर्फ होता आणि बर्फावर कावळा. तिला हसू येत होतं. या माणसाला वाकवायला सत्य उपयोगी पडलं नव्हतं. सत्याच्या तळाशी पितळी कडी सापडली, तेव्हा काम झालं. हे आधी कळलं असतं तर!

"सेवेक," ती न वळता, त्याच्या लहानपणीच्या नावानं म्हणाली. "मग आशीर्वाद कधी?"

"ईस्टरनंतर. याच चौकटीखाली!"

* * *

ईस्टरनंतर त्या दोघांनी चौकटीखाली गुडघे टेकले. सेवेरिननं पाणी इतकं शिंपडलं की नवऱ्यामुलाची कॉलर भिजली. जेवणावळीत त्यानं प्रत्येक टेबलाशी जाऊन चाळणीची नवी गोष्ट सांगितली. त्यात आता गढीची एक रडणारी तरुण मालकीण होती, आणि पाद्र्याला घातलेली शपथ होती. राजा आणि तोफा गेल्या. कुणाला त्यांची उणीव भासली नाही. उन्हाळ्यात त्यानं नॉर्बर्टला चर्चच्या देवडीत बसवायला एक दगड कोरायला सांगितला: 'येथे झेशोत्स्की घराण्याचा मूळपुरुष ठेवण्यात आला.' नॉर्बर्टनं 'सापडला' असं सुचवून पाहिलं. सेवेरिन म्हणाला, सापडतात त्या छत्र्या आणि भटकी कुत्री.

फादरनी दगड बसवायला अजून परवानगी दिलेली नाही. त्यांचा चष्मा दर वेळी हरवतो.

पुढच्या जानेवारीत सेवेरिन वाचनालयातून आला तो दारातूनच ओरडत.

"बारा! ताई, बारा! सात पुरुष!"

त्यानं पुठ्ठे उघडून कागद टेबलावर ठेवला. नॉर्बर्टनं लावलेली लाकडी चकती मधे कधीतरी निसटली होती, टेबल पुन्हा डुगडुगत होतं. आपोलोनिया त्याच्यासमोर बीट सोलत बसली होती. तिनं कागदाकडे पाहिलं नाही.

"कोटाला पितळेची बटणं होती," ती म्हणाली.

"कुठल्या कोटाला?"

"लुत्सियानच्या. मठातल्या बायांना तो ज्या कोटात सापडला. सहा बटणं. एखाद्या अधिकाऱ्याचाच कोट असेल. बापाला हे सांगायला मला सुचलं नाही."

सेवेरिन कागदाचा कोपरा बोटानं सपाट करत होता.

"कोण लुत्सियान?" तो म्हणाला.

आपोलोनियानं सुरी ठेवली. हात एप्रनला पुसले. मग भावाच्या बोटाखालून तो कागद ओढून घेतला, त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, चार घड्या घालून चांगला जाड केला आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. टेबल हलवून बघितलं.

टेबल हललं नाही. तिनं पुढचं बीट घेतलं.